आपणहून आलेला पंच

ती घटना मला आजही आठवते, पण ती सांगायला घेतली की आमच्या घरातली भाचेमंडळी तोंड वाकडं करतात. त्यांना गोळीबार हवा असतो. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी सरावाच्या मैदानाबाहेर एकही गोळी झाडली नाही, आणि मैदानावर झाडल्या त्यातल्या बऱ्याचशा शेजारच्याच्या टार्गेटला लागल्या. त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते बहुतेक खुर्चीत बसूनच घडलेलं. ही हकिकतही तशीच आहे. यात मी खुर्चीत बसून, चांगला दोन कप चहा पीत, एका माणसाचा जीव धोक्यात घातला.

नावं कुणाचीच देत नाही. गाव बदललं आहे, नदीचा काठ बदलला आहे, आणि पुढे एका माणसाच्या पायाचा उल्लेख येईल तोही बदललेला आहे. पाय होता की हात, हेही विचारू नका. जिल्हा मात्र आपलाच. कागदोपत्री आता अहिल्यानगर, माझ्या जिभेवर अजून नगर.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. शेवगावच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ग्रामपंचायतींच्या निवडणुका तोंडावर होत्या. सकाळची हजेरी, समन्स-वॉरंटांचं वाटप, गावोगावच्या हौशी मंडळींना प्रतिबंधक नोटिसा, यातच दिवस जात होते. अशा एका सकाळी ठाण्याच्या फोनवर माणूस बोलला.

"नाव सांगत न्हाई साहेब. हायवेच्या लॉजवर एक बाई उतरल्यात. एकट्याच हायेत. खोलीत जिल्ह्याचा नकाशा लावलाय, त्याच्यावर खुना केल्यात. अतिरेक्यांची पुस्तकं हायेत. आन एक लाल वही हाय. तेवढी वही बगाच."

"तुम्ही वही कुठे पाहिलीत?" मी विचारलं.

फोन बंद झाला. हा प्रश्न मला सुचला, हे मी आजही स्वतःच्या बाजूने धरतो. त्याचं उत्तर का आलं नाही याचा विचार मात्र मी केला नाही. अतिरेकी हा शब्द कानात गेला की ठाण्यात सगळ्यांची पाठ ताठ होते, माझीही झाली.

महिला शिपाई आणि एक हवालदार बरोबर घेऊन लॉजवर गेलो. मालक दारातच भेटला. रजिस्टरला बाईंच्या नावामागे 'डॉ.' लिहिलेलं पाहून त्याने आदल्या दिवशी त्यांना आपला गुडघा दाखवला होता. त्या औषधाच्या डॉक्टर नव्हत्या. त्यांनी त्याला रोज चालायला सांगितलं. फरक पडला म्हणाला.

बाई पन्नाशीच्या. सुती साडी, पायात रबरी चपला, जाड भिंगाचा चष्मा. खोलीत खरंच नकाशा होता आणि त्यावर खरंच लाल ठिपके होते. टेबलावरच्या इंग्रजी पुस्तकांपैकी दोन पुस्तकांच्या मुखपृष्ठावर बंदुका होत्या. त्यांनी ओळखपत्र दाखवलं. एका विद्यापीठात प्राध्यापक. विषय दहशतवाद, संघटित गुन्हेगारी आणि राजकीय हिंसाचार. मी ते कार्ड उलटसुलट बघितलं. अशा विषयाचा पगार मिळतो हे मला तोवर माहीत नव्हतं, म्हणजे पोलिसांशिवाय इतर कुणाला मिळतो हे.

"चौकशीकामी ठाण्यात यावं लागेल," मी म्हणालो.

"चला," त्या म्हणाल्या. "मी बावीस वर्षं या कामात आहे. हे माझं आठवं ठाणं असेल."

माझी चौकशी करण्याची एक पद्धत होती. समोरच्याला चहा द्यायचा, घरची विचारपूस करायची, आणि तो सैल पडला की मुद्द्याला हात घालायचा. त्या दिवशीही तसंच सुरू केलं. पाऊण तासाने माझ्या लक्षात आलं की मी त्यांना माझी ॲसिडिटी, धाकट्या मुलीचा बारावीचा निकाल आणि दोन रद्द झालेल्या बदल्या एवढं सगळं सांगितलं होतं, आणि त्यांच्याबद्दल मला कार्डावर होतं तेवढंच माहीत होतं. हवालदार दारात उभा राहून छताकडे बघत होता. तो असा छताकडे बघायला लागला की समजायचं, साहेबाचं काहीतरी चुकतंय.

मग मात्र त्यांनीच सांगितलं. दंगलीने होरपळलेल्या गावांपासून सुरुवात केली. नंतर तुरुंगात बॉम्बस्फोटाच्या खटल्यांतल्या कैद्यांशी बोलल्या. नंतर शहरातल्या टोळ्या. आता त्या आपल्या जिल्ह्यात निवडणुकीच्या आगेमागे होणाऱ्या खुनांवर काम करत होत्या. कोण मारतो हे पोलीस शोधतात, मारणारा त्या वाटेला लागला कसा आणि बाहेर पडलाच तर कसा पडला, हे त्या शोधत होत्या.

"एवढे मोठमोठे अतिरेकी सोडून इकडे कुठे आलात?" मी विचारलं.

"अतिरेक्यांवर लिहिलं की विमानाचं तिकीट मिळतं, साहेब. गावातल्या खुनावर लिहायचं तर एसटीने यावं लागतं. म्हणून कुणी येत नाही."

आता वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, बाजारात दलाल वापरतात तशी लांबट. ती देताना त्यांनी प्रथमच आढेवेढे घेतले. मी रीतसर पंचनामा करायचं ठरवलं. पंच म्हणून समोरच्या चहावाल्याला बोलावलं. तो इतक्या पंचनाम्यांना बसलाय की तालुक्याच्या कोर्टातले वकील त्याला नावाने हाक मारतात. दुसरा पंच शोधायला हवालदार बाहेर जाणार, इतक्यात व्हरांड्यातून पांढऱ्या शर्टातला एक माणूस पुढे आला. तिशीचा, दाढी कोरलेली, बोलायला नम्र.

"पंच पायजे का साहेब? मी बसतो की."

मला फार बरं वाटलं. हल्लीच्या पिढीतही जबाबदारीची जाणीव आहे, असं काहीतरी मी म्हणालोदेखील.

वही उघडली तर आत गुरांची नोंद. 'खिलार बैल, सहा दाती, दावं तोडून आलेला.' 'गावरान गाय, दात जुळलेली, मोठ्या गोठ्यातून काढली.' पानामागून पान नुसती जनावरं. एवढ्या शिकलेल्या बाई गुरांचा व्यापार कशाला करतील हे मला उमगेना. मी वही हवालदाराकडे सरकवली. तो कर्जतकडचा, घरी सहा जनावरं. त्याने एका पानावर बोट ठेवलं.

"साहेब, हे बगा. बांडी गाय, दोन दाती, तीन वेताची. दोन दाती गाय तीन वेताची कशी असंल? दोन दाती म्हंजी जेमतेम पयल्या वेताला आलेली कालवड. ही गाय न्हाई साहेब. हे दुसरंच कायतरी हाय."

आता इथे कुठलाही शहाणा अधिकारी वही मिटून पंचांना बाहेर बसवेल. मी काय केलं ते सांगतो. माझ्या अंगात शाळेतला हुशार मुलगा संचारला. बाईंचा विषय आठवून मी त्या नोंदीवर ओणवा झालो आणि कोडं सुटेल तसं मोठ्याने बोलत गेलो.

"दात म्हणजे तुरुंगातली वर्षं. वेत म्हणजे गुन्हे. गोठा म्हणजे टोळी. 'शिंगं साळलेली', म्हणजे हत्यार सोडलंय. 'डाव्या मागच्या पायाने लंगडते', म्हणजे माणूस डाव्या पायाने लंगडा. 'नदीकडेला एकटी बांधलेली.' म्हणजे नदीकाठी एकटा राहतोय. 'मालकाने स्वतः सांगून दुसऱ्याचा बैल मारवला, गाय तेव्हा गाडीत होती.' म्हणजे बघा हवालदार, लंगडा माणूस, तीन गुन्हे, दोन वर्षं आत जाऊन आलेला, नदीकाठी राहतो, आणि पुढाऱ्याच्या सांगण्यावरून झालेल्या खुनाच्या वेळी गाडीत होता. बरोबर ना मॅडम?"

मी विजयी मुद्रेने वर बघितलं. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसत होता.

"बरोबर आहे," त्या हळू म्हणाल्या. "पण साहेब, हे तुम्ही किती जणांसमोर बोललात?"

मी उजवीकडे पाहिलं. चहावाला नेहमीप्रमाणे पेंगत होता. डावीकडची खुर्ची रिकामी होती.

"थुंकायला गेलाय," हवालदार म्हणाला आणि बाहेर गेला. दोन मिनिटांनी परत आला. या खेपेला तो छताकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"साहेब, पंच गेला. मोटारसायकलवर. सही ऱ्हायलीय त्याची."

चहावाल्याला हलवून विचारलं, "तो कोण होता?"

"मला वाटलं तुमचा मानूस हाय."

"आणि मला वाटलं तुझा."

तेहतीस वर्षांत शेकडो पंचनामे केले. पंच पाहिजे म्हटलं की भरलेला चौक रिकामा होतो. पंच म्हणून बसलेला प्रत्येक माणूस दोन प्रश्न विचारतो: किती वेळ लागेल, आणि कोर्टात यावं लागेल का. मी नोकरीत आपणहून आलेला पंच एकच पाहिला. त्याने दोन्हींपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि मी त्याला जबाबदार नागरिक म्हटलं होतं. फोनवरचा माणूसही बाईंना पकडा म्हणाला नव्हता. वही बघा म्हणाला होता. खुनामागच्या पुढाऱ्याला कुणीतरी बाईंजवळ बोलतंय याची कुणकुण लागली होती, पण कोण ते कळत नव्हतं. ते शोधायला त्याच्या माणसांनी पोलीस कामाला लावले, आणि पोलिसांनी ते काम चहाबरोबर करून दिलं. लंगडा, नदीकाठी एकटा, पूर्वी आपल्याच गाडीत असलेला. त्यांना यापुढे पत्ता विचारायची गरज नव्हती.

"त्याला फोन करा," मी म्हणालो.

"त्याच्याकडे फोन नाही. मीच ठेवू नका म्हणाले होते."

"मग गाव सांगा. लगेच गाडी पाठवतो."

"नाही."

"मॅडम, त्याचा जीव जाईल."

त्यांनी चष्मा परत चढवला. "गाव सांगितलं तर तुमच्या स्टेशन डायरीत लिहिलं जाईल. उद्या तुमची बदली होईल. डायरी इथेच राहील. बावीस वर्षांत मी एकही माणूस उघडा पाडलेला नाही. पोलिसांसमोर नाही, कोर्टात नाही, टोळीवाल्यांसमोरही नाही. माझे आजोबा घोडेगावच्या बाजारात दलाल होते. हातावर रुमाल टाकून, आत बोटं धरून सौदा करायचे. शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळायचा नाही. मी त्यांच्याकडूनच हे शिकले. तो पाय मात्र मी लिहायला नको होता. खरा होता म्हणून लिहिला."

पोलीसही आपल्या खबऱ्याचं नाव कुठे लिहीत नाहीत. आम्ही 'गुप्त बातमीदारामार्फत समजले' असं लिहितो आणि न्यायाधीशानेही विचारलं तरी सांगत नाही. बाई जे करत होत्या ते मी आयुष्यभर केलं होतं, फक्त माझ्यामागे खातं उभं होतं. त्यांच्यामागे एक लाल वही होती, आणि तीही आता माझ्या टेबलावर होती.

मी वही उचलून त्यांच्या हातात दिली. गणवेशाचा शर्ट काढून कपाटातला चेक्सचा घातला आणि माझ्या स्वतःच्या जुन्या मारुतीची किल्ली पुढे केली.

"गाडी तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. कुठे जातोय ते विचारणार नाही."

"मला गाडी येत नाही," त्या म्हणाल्या.

शेवटी मीच चालवली. निघताना दुय्यम अधिकाऱ्याला सांगितलं, हायवेवर आणि फाट्यांवर नाकाबंदी लावा, नंबरप्लेट तपासणी म्हणा आणि पांढऱ्या शर्टवाला मोटारसायकलस्वार सोडू नका. हवालदार मागे बसला. बाई फक्त "डावीकडे", "सरळ", "पुलाच्या अलीकडे" एवढंच बोलत होत्या. एका फाट्यावर मी चुकून गावाची पाटी वाचायला लागलो, तर हवालदार मागून म्हणाला, "साहेब, समूर बगा." मी समोर बघितलं.

नदीकाठी बंद पडलेलं एक पंपहाऊस होतं. बाहेर पत्र्याखाली पंचावन्नेक वर्षांचा माणूस विहिरीच्या मोटारीचं वाइंडिंग करत बसला होता. मांडीवर तांब्याच्या तारेचं रीळ, शेजारी एक शेळी. आम्हाला बघून तो उठला आणि मला लंगडणं दिसलं. त्याने आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. शर्ट बदलला तरी बूट सरकारीच होते.

"बाई, ह्यो कोन?"

"तुम्हाला इथून निघावं लागेल. आत्ताच. त्यांना कळलंय."

"कोन बोललं?"

"माझ्या वहीत तुमचा पाय लिहिला होता," बाई म्हणाल्या. "चूक माझी."

"मोठ्याने मी वाचलं," मी म्हणालो. "त्यांच्या माणसासमोर. चूक माझी."

त्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मला वाटलं आता शिव्या घालेल. मी तयारही होतो. त्याने हातातली तार शांतपणे गुंडाळली.

"मंग दोगं मिळून ही मोटार उचला," तो म्हणाला. "पल्याडच्या वस्तीवरच्या शेतकऱ्याची हाय. सांच्याला देतो म्हनलंय. त्याचा कांदा वाळत चाललाय."

साडेसात अश्वशक्तीची मोटार किती जड असते हे मला त्या दिवशी कळलं. प्राध्यापक बाई, मी आणि हवालदार अशा तिघांनी ती डिकीत चढवली. तो आत जाऊन एक पिशवी भरून आला. सहा वर्षांच्या बिऱ्हाडातून एकच पिशवी निघाली. शेळीचं दावं सोडून हवालदाराच्या हातात दिलं.

"हिला आन मोटारीला त्याच वस्तीवर पोचवा. म्हनावं, मोटारीत एक जोड कच्चा हाय, जपून वापर."

"आन तू कुठं म्हनून सांगू?" हवालदाराने विचारलं.

"काय बी सांगा. मेला म्हना. त्याला मोटार चालल्याशी मतलब."

शेळी हवालदाराच्या पायाशी ठेवून गाडीत बसल्यावर मी एकदाच विचारलं, की न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब द्याल का. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाईला सांगितलं ते बाईला. त्या कुनालातरी समजावं म्हनून लिवत्यात. तुमी कुनालातरी शिक्षा व्हावी म्हनून लिवता. माज्यात दुसऱ्यापुरता दम न्हाई साहेब." अधिकारी म्हणून मी यावर पुष्कळ बोलू शकलो असतो. माणूस म्हणून, आणि त्याचं घर माझ्या तोंडाने गेलेलं असताना, मी गिअर बदलला आणि गाडी पुढे नेली.

वाटेतच फोन आला. फाट्यावर पांढरा शर्ट सापडला होता, मागे आणखी एक, आणि सीटखाली दोन कोयते. उसाला चाललो होतो म्हणाले. ऊसतोडीला कोरलेली दाढी आणि इस्त्रीचा शर्ट घालून जाणारे ते पहिलेच.

तालुक्याबाहेरच्या एका एसटी स्टँडवर बाई आणि तो उतरले. मी गाडी वळवली आणि मागे पाहिलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. एकदा आरशात पाहिलं. पण मध्ये एक बस आडवी आली, आणि ती हलेपर्यंत बाकड्यावर कुणी नव्हतं.

त्या दोघांवर हत्याराचा गुन्हा दाखल झाला. पुढाऱ्यापर्यंत धागा पोचला नाही. पुढे एका शाळेच्या कार्यक्रमात तो पुढारी माझ्या शेजारी बसला आणि त्याने मला पेढा दिला. तो मी रुमालात बांधून घरी आणला आणि गटारात टाकला, एवढीच माझी कारवाई. स्टेशन डायरीला मी लिहिलं: 'चौकशीअंती आक्षेपार्ह काही आढळले नाही. वही संबंधितांस परत.' तीन वाक्यांचा मजकूर दोन वाक्यांत बसवायची सवय आहे मला. तिसरं, जे लिहायला हवं होतं, ते आज इथे लिहितोय.

बाईंचं पुस्तक दोन वर्षांनी आलं. माझ्या इंग्रजीने वाचायला चार महिने लागले. नदीकाठच्या माणसाचं प्रकरण त्यात कुठेच नव्हतं. मी फोन करून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, काढून टाकलं. तीन वर्षांची मेहनत होती, आणि परीक्षकांनी नेमका तिथेच पुस्तक दुबळं आहे असा शेरा मारला.

आम्हा पोलिसांना शिकवलं जातं की माहिती काढणं हे कौशल्य. खरंच आहे ते. पण माहिती कुणाच्या तरी अंगावरून काढलेली असते, आणि ती हातात आल्यावर तोंड मिटून ठेवणं हे त्याहून अवघड काम आहे हे मला निवृत्तीच्या उंबऱ्यावर कळलं. गुन्हेगार मला बऱ्याचदा फसवू शकले नाहीत. माझ्या हुशारीने मात्र मला एका दुपारी पुरतं फसवलं. आजही कुणी फार नम्रपणे, आपणहून मदतीला पुढे आलं की मी आधी त्याला बसवतो आणि मग गप्प बसतो.

गेल्या वर्षी बाई नगरला आल्या होत्या, तेव्हा आमच्याकडे जेवायला आल्या. सौभाग्यवतींनी पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा केला होता. जेवताना मला राहवलं नाही.

"तो कसा आहे?" मी विचारलं.

बाईंनी पिठलं आणखी थोडं वाढून घेतलं. माझ्याकडे जाड भिंगांतून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "कोण?"

मी मान हलवली आणि जेवायला लागलो. मला खूप दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

"अहो, कोण तो?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "मॅडमना भाकरी वाढ."